रोबोकॉपचा रिमेक नेमका कुठे गंडला? एका सॉफ्टवेअर इंजिनिअरच्या नजरेतून



आज कुठल्या फोनचा रिव्ह्यू नाही, की बॅटरी वाचवायची ट्रिक नाही. आज एका पिक्चरबद्दल बोलायचं आहे, 'रोबोकॉप'. जुना १९८७ सालचा आणि त्याचा रिमेक २०१४ सालचा. साइट चुकली की काय असं वाटत असेल तर थोडं थांबा. शेवटी आपण तुमच्या हातातल्या फोनपाशीच येणार आहोत.

मी उलट्या क्रमाने पाहिले. रिमेक आधी पाहिला, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत. एक लॅपटॉप आणि बघणारे आम्ही पाच जण. काळा सूट, काळी बाईक, धडाधड गोळीबार. "भारी आहे रे" म्हणालो आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच लक्षात नव्हतं.

जुना रोबोकॉप पाहिला तो नोकरी लागल्यावर, एका रविवारी. इफेक्ट्स आता थोडे हसू आणणारे आहेत, पण पिक्चर डोक्यातून जाईना. म्हणून रिमेक परत लावला आणि या वेळी चिडचिड झाली. रिमेक वाईट आहे म्हणून नाही. रिमेककडे जुन्यापेक्षाही भारी एक आयडिया होती आणि तिची त्यांनी माती केली, म्हणून. ती आयडिया नेमकी आपल्या कामाची आहे. तीच आज सोप्या भाषेत समजून घेऊ.

एक सूचना: दोन्ही पिक्चरचे शेवट इथे फोडणार आहे. पाहायचे असतील तर आधी पाहून या.

आधी थोडक्यात स्टोरी

दोन्हीकडे मूळ गोष्ट तीच. डेट्रॉइट शहरातला ॲलेक्स मर्फी नावाचा पोलीस. गुन्हेगार त्याला जवळजवळ संपवतात. एक बडी कंपनी त्याचं उरलंसुरलं शरीर घेते, त्यावर यंत्र चढवते आणि 'रोबोकॉप' तयार करते. मग प्रश्न असा, की आत उरलेला तो माणूस आहे की कंपनीचं प्रॉडक्ट?

१९८७ चा पिक्चर पॉल व्हरहोव्हन या डच दिग्दर्शकाचा, मर्फीच्या भूमिकेत पीटर वेलर. बजेट साधारण १.३ कोटी डॉलर आणि अमेरिकेतली कमाई सुमारे ५.३ कोटी. रिमेक ब्राझीलच्या जुझे पाडिल्या यांचा. मर्फी झालाय जोएल किनमन, सोबत गॅरी ओल्डमन, मायकेल कीटन, सॅम्युएल एल. जॅक्सन अशी तगडी मंडळी. बजेट १० कोटी डॉलरच्या आसपास. अमेरिकेतली कमाई मात्र ६ कोटींच्याही आतच. जगभरातल्या कमाईने लाज राखली, पण २७ वर्षांत तिकिटं किती महागली ते लक्षात घ्या, म्हणजे फरक कळेल.

बरेच जण म्हणतात की रिमेकमध्ये रक्त कमी दाखवलं म्हणून तो मिळमिळीत झाला. खरं आहे, जुना पिक्चर भयंकर हिंसक आहे आणि नवा पोराटोरांना चालेल असा केलाय. पण माझ्या मते खरी गोची सॉफ्टवेअरमध्ये आहे.

जुना रोबोकॉप: चार नियम, त्यातला एक लपवलेला

जुन्या पिक्चरमध्ये रोबोकॉप पहिल्यांदा चालू होतो, तेव्हा स्क्रीनवर त्या काळच्या कॉम्प्युटरसारखी 'कमांड डॉट कॉम' वगैरे अक्षरं येतात. त्याच्या सिस्टिममध्ये काही मूळ आदेश भरलेले आहेत. पहिला, जनतेच्या विश्वासाला जागणे. दुसरा, निरपराधांचं रक्षण. तिसरा, कायदा राखणे. आणि चौथ्यापुढे फक्त लिहिलंय, 'गोपनीय'.

हा चौथा आदेश काय आहे ते प्रेक्षकाला माहीत नसतं आणि खुद्द रोबोकॉपलाही माहीत नसतं. पुढे तो कंपनीतला बडा अधिकारी डिक जोन्स याला अटक करायला जातो. पुरावा पक्का, गुन्हा पक्का, आणि अचानक याचंच शरीर बंद पडायला लागतं. तेव्हा कळतं की चौथा आदेश असा आहे: कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला अटक करायचा प्रयत्न केला, की सिस्टिम शटडाउन. आणि तो गुपचूप घालणारा दुसरातिसरा कोणी नाही, स्वतः जोन्सच.

आमच्या भाषेत याला हार्डकोड केलेला नियम म्हणतात. म्हणजे सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येत नाही, वापरणाऱ्याला दिसत नाही, पण वेळ आली की बाकी सगळ्या नियमांवर मात करतो. पहिले तीन नियम पोस्टरवर छापायचे आणि चौथा कोडमध्ये ठेवायचा. १९८७ सालीच हे इतकं अचूक पकडलं होतं, याचं मला अजून नवल वाटतं.

आता शेवट बघा. मर्फी बोर्डरूममध्ये येतो, स्वतःच्या मेमरीत रेकॉर्ड झालेला जोन्सचा कबुलीजबाब सगळ्यांसमोर दाखवतो. जोन्स कंपनीच्या म्हाताऱ्या मालकाच्या डोक्याला पिस्तूल लावतो. समोर गुन्हेगार, हातात बंदूक, तरी मर्फीला काही करता येत नाही. चौथा आदेश आडवा येतो. तो तसं सांगतोही. मग तो म्हातारा जोन्सला तिथल्या तिथे नोकरीवरून काढून टाकतो.

बस्स. जोन्स आता 'वरिष्ठ अधिकारी' राहिला नाही, म्हणजे नियमाची अटच लागू होत नाही. पुढच्या क्षणाला मर्फी गोळ्या झाडतो.

हा सीन मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा एकटाच टाळ्या वाजवत होतो. कारण पिक्चरने स्वतःचा नियम मोडला नाही. नियम होता तसाच राहिला, फक्त डेटा बदलला. ज्याने कधी कोड लिहिलाय त्याला कळेल, की ही अट तपासायची एक साधी ओळ आहे. समोरचा माणूस अधिकारी आहे का? होय, तर थांब. नाही, तर पुढे जा.

आणि यात एक कडवट गोष्टही आहे, जी पटकन लक्षात येत नाही. मर्फी जिंकला, पण सुटला नाही. चौथा आदेश त्याच्यात अजून आहेच. उद्या दुसरा कोणी अधिकारी चोर निघाला, तर तो पुन्हा गोठणार. तो मोकळा झाला, कारण वरच्या एका माणसाने परवानगी दिली.

डेमोमध्ये माणूस मेला, तरी 'किरकोळ बिघाड'

जुन्या पिक्चरमधला आणखी एक सीन सांगितल्याशिवाय राहवत नाही. जोन्सचा स्वतःचा एक रोबो असतो, ईडी-२०९, दोन पायांचा अवाढव्य. त्याचा डेमो बोर्डरूममध्ये होतो. किनी नावाच्या एका तरुण कर्मचाऱ्याला रोबोवर पिस्तूल रोखायला सांगतात. रोबो बजावतो, शस्त्र टाक, वीस सेकंद आहेत. किनी घाबरून लगेच पिस्तूल टाकतो. पण रोबोची मोजणी चालूच राहते आणि वेळ संपल्यावर तो त्याची चाळण करतो.

इंजिनिअर म्हणून बघितलं तर प्रॉब्लेम सोपा आहे. बाहेरची परिस्थिती बदलली, पण सिस्टिममध्ये नोंदवलेली परिस्थिती बदलली नाही. पिस्तूल जमिनीवर पडलं, आणि रोबोच्या हिशोबात ते अजून किनीच्या हातातच होतं. आपण पैसे भरलेले असतात आणि ॲप 'पेमेंट बाकी' म्हणत राहतं ना, तसंच. फरक इतकाच की ॲपकडे तोफा नसतात.

यावर जोन्सची प्रतिक्रिया काय? किरकोळ बिघाड आहे. माणसाचा मृत्यू म्हणजे त्याच्यासाठी डेमो बिघडणं. पुढे तर तो उघड म्हणतो की त्या रोबोची सैन्याला विक्री पक्की होती, सुटे भाग विकून वर्षानुवर्षं कमाई झाली असती, मग तो चालतो की नाही याची फिकीर कोणाला!

आता रिमेकची ती भारी आयडिया

रिमेकची गोष्ट २०२८ सालातली. अमेरिकी कंपनीचे रोबो परदेशात, तेहरानच्या रस्त्यांवर गस्त घालतायत. पण खुद्द अमेरिकेत त्यांना बंदी आहे, कारण तिथे 'ड्रायफस कायदा' आहे. मुद्दा असा, की ज्याला काही वाटत नाही अशा यंत्राने माणसावर ट्रिगर दाबायचा नाही. कायदा आणणाऱ्या सिनेटरचं नाव ह्यूबर्ट ड्रायफस. याच नावाचे एक खरे तत्त्वज्ञ होऊन गेले. कॉम्प्युटरला काय जमणार नाही यावर त्यांनी १९७२ मध्ये गाजलेलं पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे लेखकांनी अभ्यास केला होता!

कंपनीचा प्रमुख सेलर्स पळवाट काढतो. यंत्राला बंदी आहे ना? मग यंत्रात एक माणूस बसवू. ट्रिगर 'माणसानेच' दाबला असं म्हणता येईल. अशा रीतीने मर्फीची निवड होते.

पण टेस्टिंगमध्ये घोळ होतो. तशाच परिस्थितीत शुद्ध रोबो झटपट मोकळा होतो आणि मर्फी मागे पडतो. का? कारण मर्फी विचार करतो. समोर कोण आहे, गोळी झाडावी का, असा क्षणभर अडखळतो. आमच्या भाषेत लेटन्सी वाढली.

यावर डॉक्टर नॉर्टन, म्हणजे गॅरी ओल्डमन, जे करतो ती या पिक्चरची खरी कमाई आहे. तो मर्फीच्या मेंदूत असा बदल करतो की लढाईच्या वेळी डोळ्यांवरचं व्हायझर खाली आलं की निर्णय सॉफ्टवेअर घेणार. पण मर्फीला तसं जाणवणार नाही. हे सगळं आपणच ठरवून करतोय, असंच त्याला वाटत राहणार.

जरा थांबून विचार करा. जुन्या मर्फीला बेड्या घातल्या होत्या आणि त्याला त्या टोचत होत्या. नव्या मर्फीला बेड्या आहेत हेच माहीत नाही. कंपनीला माणसाचा विवेक नकोय, माणसाची सही हवी आहे. कायद्यापुढे दाखवायला एक चेहरा.

ही आयडिया जुन्या पिक्चरमध्ये नव्हती. आणि आज ती सायन्स फिक्शन राहिलेली नाही.

खऱ्या जगात हे कुठे घडतं?

टेक्नॉलॉजीत एक शब्द सारखा कानावर पडतो, 'ह्यूमन इन द लूप'. म्हणजे मशीन सुचवेल, पण अंतिम निर्णय माणूस घेईल. ऐकायला छान वाटतं. अडचण अशी की मशीन शंभरपैकी बरेच वेळा बरोबर निघालं, की माणूस तपासणं सोडून देतो. याला 'ऑटोमेशन बायस' म्हणतात. माणूस आळशी असतो म्हणून हे होत नाही, आपला मेंदूच तसा चालतो. गुगल मॅपने डावीकडे वळायला सांगितलं की आपण पाटी वाचतो का?

एक खरी घटना बघा. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या टेंपी शहरात उबरच्या चाचणीवर असलेल्या सेल्फ-ड्रायव्हिंग कारने रात्री रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली. तिचा मृत्यू झाला. तपासात कळलं की कारच्या सिस्टिमला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच दिसली होती. पण हे वाहन आहे, सायकल आहे की आणखी काही, याचं वर्गीकरण सिस्टिम बदलत राहिली. लक्ष ठेवायला सीटवर एक माणूस होता, तो मोबाईल बघत होता. तपास यंत्रणेने कंपनीच्या सुरक्षा व्यवस्थेतल्या त्रुटीही नोंदवल्या. फौजदारी खटला मात्र कंपनीवर झाला नाही. सीटवर बसलेल्या व्यक्तीवर झाला आणि २०२३ मध्ये तिला तीन वर्षांचं प्रोबेशन मिळालं.

तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण मॅडलिन क्लेअर एलिश या संशोधिकेने अशा प्रकारांना फार नेमकं नाव दिलंय, 'मॉरल क्रम्पल झोन'. अपघातात कारचा पुढचा भाग मुद्दाम चेपतो, आतला माणूस वाचावा म्हणून. इथे उलट होतं. माणूस चेपतो आणि सिस्टिम वाचते.

कायद्यातही हीच पळवाट दिसते. युरोपमध्ये मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर कायद्याचं कलम २२ सांगतं की ज्या निर्णयाचा तुमच्यावर मोठा परिणाम होतो, तो 'केवळ' मशीनने घेतलेला नसावा, असा तुमचा हक्क आहे. सगळा खेळ त्या 'केवळ' शब्दात आहे. मध्ये एक माणूस बसवला, त्याने ओके दाबलं, की निर्णय 'केवळ' मशीनचा राहिला नाही! डिसेंबर २०२३ मध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने हे ओळखलं. शुफा या जर्मन क्रेडिट स्कोअर कंपनीच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की बँक जर त्या स्कोअरवरच मुख्यतः विसंबून निर्णय घेत असेल, तर स्कोअर काढणं हाच मशीनचा निर्णय धरावा. सेलर्सला हा निकाल अजिबात आवडला नसता.

आता माझी गोष्ट

हे सगळं मला इतकं का टोचतं ते सांगतो.

माझ्या आधीच्या नोकरीत आम्ही एका डिलिव्हरी ॲपसाठी काम करायचो. नाव सांगत नाही. डिलिव्हरी करणाऱ्या मुलांपैकी कोणी खोटी डिलिव्हरी दाखवतंय का, हे एक मॉडेल शोधायचं. संशय आला की केस एका टीमकडे जायची. त्यांच्या स्क्रीनवर मुलाची माहिती, मॉडेलचा स्कोअर लाल रंगात आणि खाली दोन पर्याय: 'ब्लॉक करा' आणि 'चालू ठेवा'. स्कोअर जास्त असेल तर 'ब्लॉक करा' आधीच निवडलेलं. तपासणाऱ्याने फक्त एंटर दाबायचं.

ती स्क्रीन मी बनवली होती. एंटरची सोयही माझीच. एक क्लिक वाचवला म्हणून मीटिंगमध्ये कौतुकही झालं होतं.

काही महिन्यांनी एक तक्रार फिरत फिरत माझ्यापर्यंत आली. सोलापूरच्या एका मुलाचं खातं ऐन दिवाळीत ब्लॉक झालं होतं. त्याच्या जुन्या फोनचं जीपीएस मध्येच उडी मारायचं, त्यामुळे तो एका मिनिटात दोन किलोमीटर गेल्यासारखा दिसायचा. नकाशा दहा सेकंद बघितला असता तरी कळलं असतं. मी लॉग काढला. त्याची केस बंद करायला लागलेला वेळ, चार सेकंद.

ज्या ताईंनी ती केस तपासली होती त्यांच्याकडे गेलो. त्या वयाने मोठ्या, कामाला एकदम काटेकोर. मी विचारलं, "ताई, इथे ब्लॉक आधीच सिलेक्ट झालेलं असतं, त्यामुळे तुम्ही पटकन पुढे जाता का?"

त्या म्हणाल्या, "नाही रे. मी प्रत्येक केस स्वतः बघते. मला पटलं तरच ब्लॉक करते."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्या क्षणी मला रिमेकमधला तो सीन आठवला. व्हायझर खाली आणि आत मर्फी, निर्णय माझाच आहे असं मानणारा. आणि मी कोण होतो? मर्फी नव्हतो. मी डॉक्टर नॉर्टन होतो. लेटन्सी कमी केली म्हणून शाबासकी घेणारा.

त्या मुलाला जो मेसेज गेला होता त्यात लिहिलं होतं, "आमच्या टीमने तुमच्या खात्याची तपासणी करून हा निर्णय घेतला आहे." ते वाक्यही माझ्याच टेम्प्लेटमधलं. कागदोपत्री शंभर टक्के खरं.

त्याचं खातं अकरा दिवसांनी चालू झालं. दिवाळी उलटून गेली होती. त्या अकरा दिवसांचे पैसे कोणी दिले नाहीत.

मी दोन बदल सुचवले. एक, आधीच निवडलेलं काही नको. दोन, तपासणाऱ्याने आपलं मत नोंदवल्यावरच स्कोअर दिसावा. दोन्ही लावले आणि काम हळू झालं, कारण लोक खरोखर बघायला लागले. पंधरा दिवसांत वरून विचारणा आली की नंबर का खाली आलेत. पहिला बदल राहिला, दुसरा काढून टाकला. तो मीच काढला. माझ्याकडे तेवढा अधिकार नव्हता असं स्वतःला समजावलं. नॉर्टनही पिक्चरभर हेच करतो.

मग रिमेक गंडला कुठे?

आता शेवट. जुन्या चौथ्या आदेशाच्या जागी रिमेकमध्ये 'रेड ॲसेट' आहे. ज्याच्या हातात लाल पट्टा, त्याच्यावर रोबोकॉप हल्ला करू शकत नाही. शेवटी छतावर सेलर्स उभा आहे, हातात लाल पट्टा, ताब्यात मर्फीची बायको आणि मुलगा. मर्फीचा हात उठत नाही. मग तो जोर लावतो, थरथरतो, कण्हतो आणि गोळी झाडतो. सेलर्स खलास.

कसं जमलं? इच्छाशक्तीने. कुटुंबावरच्या प्रेमाने.

मित्रांनो, मी भावनांच्या विरोधात नाही. आधीच्या एका सीनमध्ये मर्फीच्या भावना सिस्टिमवर मात करताना दाखवल्या आहेत, तेव्हा तयारी अजिबात केली नव्हती असंही नाही. पण विचार करा. तुमच्या फोनवर एखाद्या ॲपला गॅलरीची परमिशन नाही. ते ॲप कितीही कळवळलं, तरी फोटो दिसतील का? नियम मनापासून जोर लावल्यावर मोडत असेल, तर तो नियम नव्हताच. नुसतं दार लोटलेलं होतं.

आणि खरा घोटाळा याहून मोठा आहे. पिक्चरने स्वतःच आपल्याला सांगितलं होतं की मशीन निर्णय घेतं तेव्हाही मर्फीला वाटतं, मीच घेतला. मग छतावरची ती शेवटची गोळी त्यानेच झाडली, हे त्याला तरी कसं कळणार? आपल्याला कसं कळणार? हा प्रश्न विचारला असता तर थिएटरमधून बाहेर पडताना लोक गप्प झाले असते. रिमेकने प्रश्न स्वतः उभा केला, आणि हिरोला जिंकवायच्या घाईत विसरूनही गेला.

जुन्या पिक्चरने प्रामाणिकपणे सांगितलं की सिस्टिम आतून इच्छाशक्तीने तुटत नाही. ज्याच्या हातात नियम आहेत त्याला तो बदलावा लागतो. रिमेक म्हणाला, माणूस चांगला असेल तर सगळं आपोआप ठीक होईल. ऐकायला गोड आहे, पण मी ती स्क्रीन बनवली आहे. ताई चांगल्याच होत्या. आमची टीम चांगली होती. मीही काही वाईट माणूस नाही. तरी त्या मुलाचं खातं चार सेकंदांत बंद झालं. चांगुलपणाला वेळ लागतो, आणि आम्ही वेळच काढून घेतला होता.

तुमच्या फोनमध्ये काय बघायचं?

आता वचन दिल्याप्रमाणे फोनकडे येऊ. एखाद्या ॲपने खातं बंद केलं, कर्ज नाकारलं, व्हिडिओ काढून टाकला, तर हे तीन मुद्दे लक्षात ठेवा.

१. "आमच्या टीमने तपासलं" एवढ्यावर थांबू नका. नेमकं कारण आणि कशाच्या आधारावर, ते लेखी विचारा. कारण ठरलेल्या साच्यातलं आलं तर अपील करा आणि तुमच्या बाजूची ठोस गोष्ट सोबत द्या. त्या मुलाने पाठवलेल्या नकाशाच्या स्क्रीनशॉटमुळेच त्याची केस पुन्हा उघडली.

२. तक्रार योग्य दारात न्या. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांनुसार सोशल मीडियासारख्या प्लॅटफॉर्मना तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो. चॅटबॉटशी तासभर भांडण्यापेक्षा तिथे एक नीट मेल टाकलेला बरा.

३. आधीच टिक केलेला चौकोन दिसला की थांबा. तो तुमचा निर्णय नाही, कोणीतरी तुमच्यासाठी घेऊन ठेवलेला आहे. आपण फक्त एंटर दाबणार असतो. माझ्यासारख्याच कोणीतरी तो टिक ठेवलेला असतो, आणि बहुतेक त्याचंही मीटिंगमध्ये कौतुक झालेलं असतं.

आणि तुमच्यापैकी जे कोडिंग शिकताय त्यांना एक विनंती. बटण बनवताना एवढंच विचारा, की समोरच्याला 'नाही' म्हणायला खरोखर जागा आणि वेळ ठेवलाय का? मी हे उशिरा विचारलं.

बाकी पिक्चर पाहायचेच असतील तर आधी १९८७ चा बघा, मग २०१४ चा. घरात लहान मुलं असतील तर जुना त्यांच्यासमोर नको. आणि रिमेकमध्ये नॉर्टन त्या व्हायझरची भानगड समजावतो, तिथे पॉज करून दोन मिनिटं विचार करा. त्या पिक्चरने जे करायचं अर्धवट सोडलं, ते आपण करू.

तुमच्यासोबत असं कधी झालंय का, की माणसाशी बोलतोय असं वाटलं आणि पलीकडे नुसतं एंटर दाबलं जात होतं? खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या लेखात!